पितळेला तिप्पट गुण

आमच्या लेआउटमध्ये कचऱ्याला गुण मिळायला लागले आणि माणसांची अक्कल गेली. हे मी रागानं लिहिते आहे, आधीच सांगून टाकते. वर्ष उलटलं तरी राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कचरा वेगळा करायला माझा विरोध असता तर गोष्ट निराळी. उलट आमच्या गल्लीत ते खूळ काढलं मीच. सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही कोणालातरी शिकवल्याशिवाय अन्न पचत नाही. दुधाची पन्नी उभी चिरायची, धुवायची, दोरीवर वाळत घालायची, मग कोरड्याच्या पोत्यात टाकायची, हे मी एकेका फाटकात उभं राहून दाखवलं. आधी सगळ्या हसल्या. शेजारीण म्हणाली, "मॅडम, आता पन्न्या बी धुवाच्या का? नवऱ्याचे बनियन काय कमी हायेत?" पण तिनंच पहिल्यांदा धुतली. मग दुसरीनं. हळूहळू गल्लीत साड्यांच्या बाजूला पन्न्या वाळायला लागल्या, आणि कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे गाई दिवसभर प्लास्टिक चघळत उभ्या असायच्या, तिथली माती दिसायला लागली.

हे सगळं फुकटात चाललं होतं, आणि बायका करत होत्या. म्हणून ते कोणाच्या नजरेत आलं नाही. फुकट केलेल्या कामाला आपल्याकडे काम म्हणायची पद्धत नाही.

मग लेआउटच्या समितीला जाग आली. समिती म्हणजे रिटायर झालेले सात-आठ पुरुष आणि एक अध्यक्ष. अध्यक्ष पूर्वी कुठल्याशा सरकारी खात्यात साहेब होते, आणि तो साहेब अजून त्यांच्या अंगातून उतरलेला नाही. त्यांनी योजना आणली. दर रविवारी समाजभवनात काटा लागणार. कागद, पन्नी, काच, लोखंड, जे असेल ते घरोघरून आणायचं, मोजायचं. वजनाप्रमाणे गुण. गुणांवर कुपन, कुपनावर किराणा दुकानातून साबण नाहीतर चहापत्ती. शिवाय सगळ्या गल्लीचे गुण एकत्र धरायचे, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्यांत पुढे असेल त्या गल्लीला 'आदर्श गल्ली' म्हणून चषक द्यायचा. तांब्या-पितळेला तिप्पट गुण होते. ते का, असं मी तेव्हाच विचारलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "कोनी आननारच नाई मॅडम. पन बोर्डावर चांगलं दिसते."

खोटं बोलणार नाही, सुरुवातीला फायदा झाला. भिंतीवरून पिशवी भिरकावणारी घरंसुद्धा रविवारी पिशवी घेऊन रांगेत उभी राहायला लागली. साबणाच्या वडीसाठी का होईना, पण राहिली. मला बरं वाटलं. माझं श्रेय गेलं तरी प्लॉट स्वच्छ राहतो आहे ना, असं मी स्वतःला समजावलं. त्यानंतर प्रत्येक गल्लीला एक गल्लीप्रमुख नेमायचं ठरलं, आणि आमच्या गल्लीचे प्रमुख झाले माझे यजमान.

या माणसानं जन्म काढला खापरखेड्याच्या वीज केंद्रात, राखेत. आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो तेव्हा वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी करडे होऊन घरात यायचे. ते कपडे पुन्हा पाण्यातून काढायचे मी. यांनी कधी प्यायलेला पेलासुद्धा उचलून मोरीत ठेवला नाही. आणि आता गळ्यात शिटी अडकवून हे रविवारी सकाळी गल्लीतून फिरायला लागले. पन्न्या धुवायच्या मी, वाळवायच्या मी, पोती भरायची शेजारणीनं आणि मी, आणि काट्याजवळ पोत्यावर हात ठेवून फोटो काढायचा यांनी. ग्रुपवर दर रविवारी तो फोटो यायचा. आठ पुरुष, आठ पोती. पोत्यात काय आहे ते एकाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रागवावं इतकं त्यात काही नव्हतं. राग पुढे आला, समोरच्या गल्लीमुळे.

समोरच्या गल्लीत एक अडत्या राहतो, कळमन्याच्या बाजारात त्याची संत्र्यांची अडत आहे. त्याला आपली गल्ली मागे पडलेली बघवेना. एका रविवारी त्याचा टेम्पो समाजभवनासमोर उभा राहिला. आत बाजारातले खोके, फाटका बारदाना, प्लास्टिकच्या दोऱ्या. काट्यावर ठेवलं, गुण घेतले. पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतला एक जण लग्नाच्या लॉनवरून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पोत्यांनी घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्या गल्लीनं इतवारीतल्या कापड दुकानांचे पुठ्ठे आणले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. घरातला कचरा कमी व्हावा म्हणून काढलेली योजना, आणि आम्ही सगळ्या नागपूरचा कचरा भाड्यानं आणून आपल्या दारात मोजत होतो.

माझ्या शेजारणीनं तर कहर केला. घरात पाण्याचा फिल्टर असताना ती बाटलीबंद पाणी विकत घ्यायला लागली. मी विचारलं, "हे कशाला घेतेस गं?"

"बाटलीचे गुण भेटतेत ना मॅडम. अन् साहेबांनी सांगतलं, आपली गल्ली मागं हाय म्हून."

साहेब म्हणजे आमचे हे. मी यांना सांगितलं, समितीच्या बैठकीत जाऊन सांगितलं, की हा मूर्खपणा आहे. बाहेरचा माल बंद करा, नाहीतर गुणच बंद करा. अध्यक्ष हसले. "मॅडम, स्पर्धा म्हटली का थोडं-फार चालते. लोकाइले जोश येऊन राहिला, तुम्ही पानी काहून टाकता?" बाकीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीही डोलावली.

थंडीच्या सुरुवातीला मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमरावतीला गेले. परत आले तेव्हा हे मला घ्यायला बसस्टँडवर आले होते. खुशीत होते. ऑटोत बसल्या बसल्या म्हणाले, "पहिला नंबर आता आपलाच वं."

"आणि तो कळमन्यावाला?"

"टाकला ना मागं."

कसा टाकला, हे मी विचारलं नाही. नातवाच्या आठवणीनं जीव कासावीस झाला होता, आणि यांच्या पहिल्या नंबरात मला रस नव्हता.

दोन-तीन दिवसांनी माझ्या आईचा स्मृतिदिन होता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या सज्ज्यावरून तिचा गुंड उतरवते, घासते, पाणी भरून तिच्या फोटोसमोर ठेवते आणि वंदना म्हणते. गुंड म्हणजे आमच्याकडचं पाण्याचं भांडं, पितळेचं, गोल पोटाचं, वर कडा वळलेलं. ही काही धर्मातली रीत नाही, माझी मी पाडलेली आहे. स्टुलावर चढले, हात घातला. गुंड ज्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवते ते लुगडं होतं, नीट घडी घातलेलं. गुंड नव्हता.

आता हा गुंड काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल, बाई एका भांड्यासाठी वर्षभर चिडून बसली.

माझी आई विड्या वळायची. लहानपणी तिच्या गावात तिला विहिरीवर चढता येत नव्हतं. ती आणि तिची आई खाली बसून राहायच्या, कोणाच्या मनात आलं तर वरून मडक्यात पाणी ओतायचे, आणि मनात आलं नाही तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला ती पांढरं लुगडं नेसून नागपुरात आली, लग्न होऊन इथेच राहिली, आणि वस्तीत नळ आला तेव्हा तिनं ठरवलं की आता पाणी भरीन तर स्वतःच्या पितळेच्या गुंडात. विडीच्या मजुरीतून बाजूला टाकून टाकून तिनं तो इतवारीतून घेतला. भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव घालून देतो, ठोक्या-ठोक्यानं, ठिपक्यांचं. त्यानं विचारलं, घरधन्याचं नाव काय? वडील शेजारीच उभे होते. आई म्हणाली, "विड्या म्या वळल्या. माहंच टाका." ही गोष्ट वडील आम्हाला हसत हसत सांगायचे, आणि आई न हसता ऐकायची. गुंडाच्या खांद्यावर तिचं एकटीचं नाव होतं. पुढे-मागे काही नाही, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण ती तीन अक्षरं ती कुठेही ओळखायची.

गुंड घासायचं काम माझ्याकडे असे, कारण हात लहान, आतपर्यंत जायचा. चिंच आणि राख. आई ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता सांगायची, "आतून घास वं, वरून कोनी बी चमकवते." ठोक्यानं घातलेलं नाव आतल्या बाजूनं फुगून येतं. बोटांना ते घामोळं उठल्यासारखं लागायचं. शाळेत जायच्या आधी मला ती तीन अक्षरं बोटांनी येत होती, तीही उलटी. पाटीवर मी ती उलटीच लिहिली तेव्हा मास्तरांनी कान धरला होता.

तर तो गुंड सज्ज्यावर नव्हता. मी खाली उतरले. हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

"माझा गुंड कुठे आहे?"

"कोनता गुंड?"

घरात गुंड एकच. मी तशीच उभी राहिले.

"तो सज्ज्यावरचा व्हय? तो देल्ला ना. पितळेले तिप्पट गुण हायेत." पेपरमधून मान वर न करता. "पडूनच तं होता अथी. तू बी पानी फिल्टरचंच पेतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून दिली होती, अर्थ सांगितला होता, वाक्यात उपयोग करून घेतला होता. ती माझ्याच घरात पेपर वाचत बसलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "त्याच्यावर नाव होतं."

"असंल. जुन्या भांड्याइवर नाव असतेच."

"कोणाचं होतं?"

आता त्यांनी मान वर केली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. "तुह्याच घरच्या कोनाचं असंल ना."

मला बघायला हे आले होते तेव्हा याच गुंडातलं पाणी मी यांना दिलं होतं. लग्नानंतर आईनं तो मला दिला, तो आमच्याबरोबर खापरखेड्याच्या कॉलनीत आला, तिथल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं यांच्या डोळ्यांसमोर होता. रात्रपाळीहून आल्यावर यांनी त्यातूनच पेला बुडवून पाणी प्यायलं. आणि त्यावर नाव कोणाचं, तर माझ्या घरच्या कोणाचं तरी. दिलं याचा राग आलाच, पण कधी वाचलंच नाही याचा राग त्याहून मोठा होता. तो मला तेव्हा बोलून दाखवता आला नाही. मी फक्त म्हटलं, "चला, चप्पल घाला."

"कोठी?"

"गुंड आणायला."

ते आले नाहीत. म्हणाले, दिलेली वस्तू परत मागायला गेलो तर गल्लीचे गुण कमी होतील, लोक काय म्हणतील. मी एकटी गेले.

अध्यक्ष घराच्या पोर्चमध्ये कुंड्यांना पाणी घालत होते. मी सांगितलं, आमच्याकडून चुकून गुंड गेला आहे, माझ्या आईचा आहे, गुण परत घ्या आणि गुंड द्या. ते म्हणाले, "ते तं गेलं ना मॅडम, भंगारात. सगळं धातू मागच्याच आठवड्यात उचललं." बोलताना पाइप एकाच कुंडीत धरून ठेवला होता, आणि माती वाहून फरशीवर येत होती.

भंगारवाल्याचं गोदाम कळमन्याच्या रस्त्यावर आहे. ऑटो करून तिथे गेले. माझ्या डोळ्यांसमोर सारखा एकच देखावा, घणाखाली चेपलेला गुंड. गोदामात लोखंडाचे ढीग, कुलरच्या पत्र्यांचे ढीग. मालकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचार करून सांगितलं, "बाई, तुमच्या लेआउटचं लोखंड आलं, डबे आले. पितळ नाई आलं. पितळ आलं असतं तं मी विसरलो असतो का?"

म्हणजे अध्यक्ष खोटं बोलले होते. मी त्याच ऑटोनं परत आले, तेव्हा ते समाजभवनात समितीच्या लोकांबरोबर बसले होते. आमचे हेही होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, पितळ कुठे गेलं? अध्यक्ष गालात हसले. "मॅडम, सव्वीस तारखेपर्यंत दम धरा. काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या?"

मी म्हटलं, "तुम्ही तो विकला. तुम्ही चोर आहात."

कोणी हातातल्या मोबाइलकडे बघायला लागलं, कोणी भिंतीकडे. हे उठून मला बाहेर घेऊन आले. "इज्जत घालवून राहिली माही," एवढंच बोलले. इज्जत त्यांची, गुंड माझा. त्या दिवशी आईच्या फोटोसमोर मी स्टीलच्या तांब्यात पाणी ठेवलं. वंदना म्हणताना दोनदा चुकले.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मी ठरवलं, पन्न्या धुणं बंद. सगळा कचरा एकत्र करून टाकायचा, बघू यांना कुठले गुण मिळतात ते. दुधाची पन्नी ओल्या कचऱ्यावर टाकलीही. थोड्या वेळानं जाऊन पुन्हा उचलली, धुतली, दोरीवर टाकली. हात वळेना. स्वतःचाही राग आला. माझ्या या सवयीवरच तर यांचा सगळा तमाशा उभा होता.

सव्वीस जानेवारीला मी जाणार नव्हते. शेजारीण बोलवायला आली. तिला कोणाची बाजू घ्यावी कळत नव्हतं, म्हणून ती नुसती म्हणाली, "झेंड्याले तं चला मॅडम." झेंड्याला मी कधी चुकले नाही. गेले.

राष्ट्रगीत झालं, मुलांना बुंदी वाटली. मग मंचावर पुरुष खुर्च्यांवर बसले आणि आम्ही बायका खाली सतरंजीवर. मंचावर मध्ये एक टेबल, त्यावर साटीनच्या कापडाखाली काहीतरी गोल झाकून ठेवलं होतं. अध्यक्षांनी भाषण केलं. कचऱ्यातून सोनं कसं निघतं ते सांगितलं. बाजारातून आणलेला चषक आपण घेणार नव्हतो, म्हणाले, आपल्याच भंगारात निघालेल्या एका सुंदर वस्तूचा आपण चषक केला आहे. दर वर्षी तो विजेत्या गल्लीकडे फिरत राहील. आणि पहिला मान, त्यांनी आमच्या गल्लीचं नाव घेतलं, गल्लीप्रमुखांना वर बोलावलं, आणि कापड ओढलं.

माझ्या आईचा गुंड होता. असा चमकत होता की मी आधी ओळखलाच नाही. मग बुडाजवळचा पोचा दिसला. नळावरच्या भांडणात तो माझ्याच हातून पडला होता, सहावीत असताना. तोच पोचा.

यांनी दोन्ही हातांनी गुंड घेतला आणि फोटोसाठी छातीशी धरला. हसत होते. गुंडाची माझ्याकडे असलेली बाजू मला वाचता येत होती. 'आदर्श गल्ली, फिरता चषक.' त्याखाली समितीचं नाव, आणि त्याखाली अध्यक्षांचं, हुद्द्यासकट. मशीननं कोरलेलं, सुबक. आईच्या नावाच्या जागेवर.

मी उठले. चपला कुठे राहिल्या कोण जाणे, पायऱ्या चढून मंचावर गेले आणि यांच्या हातातून गुंड काढून घेतला. त्यांना वाटलं मलाही फोटोत यायचं आहे. त्यांनी जागा करून दिली.

गुंड फिरवून फिरवून बघितला. खांद्यावर सगळीकडे गुळगुळीत. इतवारीत नेऊन मशीनवर घासून घेतला होता, जुनं काही दिसू नये म्हणून. किती नीट काम केलं होतं मेल्यांनी. एक ठिपका शिल्लक नव्हता. कसं सुचलं माहीत नाही, मी हात आत घातला. आता हात मोठा, बांगडी कडेला अडकली. जोर लावून आत नेला. आतल्या बाजूनं खांद्याला बोटं लागली.

घामोळं होतं. तिन्ही अक्षरं होती.

माइक समोरच होता. मी म्हटलं, "हा माह्या मायचा गुंड हाय. हा कोठी फिरनार नाई." शाळेत जन्मभर पुस्तकी बोलले, पण त्या वेळी तोंडात आईचीच भाषा आली.

अध्यक्ष पुढे झाले. "मॅडम, आधी सांगाचं होतं ना," असं म्हणाले. त्यांच्या पोर्चमध्ये उभं राहून मी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग लोकांकडे वळून त्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की समिती हा चषक कायमचा आमच्या गल्लीकडे ठेवायला तयार आहे. टाळ्या पडल्या. माझीच वस्तू मला बक्षीस दिल्याबद्दल टाळ्या. चोर म्हटल्याची माफी मी मागितली नाही, आणि आजही मागणार नाही. त्यांनी विकला नव्हता, खरं आहे. विकला असता तर नाव तरी राहिलं असतं.

गुंड कमरेवर घेतला, पाणी आणताना घ्यायचा तसा, आणि पायऱ्या उतरून घरी निघाले. कोणी अडवलं नाही. अर्ध्या रस्त्यात मागे पावलं वाजली. बाटल्यांचं पाणी विकत घेणारी ती शेजारीण माझ्या चपला हातात घेऊन येत होती. तिनं त्या माझ्या पायांशी ठेवल्या आणि बरोबर चालत राहिली.

हे दुपारी आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. सत्कार मात्र पूर्ण करून आले होते. मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसले होते, गुंड समोर. ते जरा वेळ दारात उभे राहिले, मग शाल काढून खुंटीला लावली. आवाज खाली आला होता.

"मले माहीत असतं तं देल्ला असता का वं? अन् अध्यक्षाइनं काय केलं ते मले बी आजच समजलं." मग गुंडाकडे बघून म्हणाले, "नाव तं गेलं आता. पन इतवारीत नेतो, पुन्हा टाकून आनतो. पॉलिश बी झाली. नवाच दिसून राहिला."

मी म्हटलं, "नाव गेलं नाही. हात घाला आत."

"काहून?"

"घाला."

ते खाली बसले. राखेत काम करून जाड झालेला हात, त्यांनी बोटं मिटून कडेतून आत नेला. मी त्यांचं मनगट धरून जागा दाखवली. बोटं थोडा वेळ फिरली आणि थांबली.

"काय लागतं?" मी विचारलं.

"ठिपके हायेत."

"वाचा."

बोटं पुन्हा फिरली. कपाळाला आठ्या पडल्या. "उलटं हाय वं हे. कसं वाचू?"

"उलटंच वाचा. सुलट होतं तेव्हा तुम्ही वाचलं नाही."

मला वाटलं हात काढून घेतील. काढला नाही. डोळे मिटून एकेका ठिपक्यावरून बोट नेत राहिले, आणि बऱ्याच वेळानं पहिलं अक्षर बोलले.

"चुकलं," मी म्हटलं. "पुन्हा."